सौरज्वालेची रचना आणि चुंबकीय पुनर्जोडणी : १० सप्टेंबर २०१७ ची ज्वाला समोर ठेवून

किरीटरेषा (धागाकर्ती)

सौरज्वालेबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं त्यात बहुतेक वेळा ‘सूर्याच्या पृष्ठभागावर प्रचंड स्फोट झाला’ इथेच गाडी थांबते. आत नेमकं कुठे काय घडतं, कोणता भाग आधी तापतो, कोणता नंतर, हे राहूनच जातं. त्यासाठी हा धागा. सगळं एकाच ज्वालेवर बोलू, म्हणजे आकडे हवेत राहणार नाहीत.

१० सप्टेंबर २०१७, १५:३५ यूटी, म्हणजे जागतिक वेळ (आपल्याकडे रात्रीचे ९ वाजून ५ मिनिटं). एआर १२६७३ (एआर म्हणजे सक्रिय प्रदेश) या डागसमूहात ज्वाला सुरू झाली, १६:०६ ला क्ष-किरण शिखरावर गेले, वर्ग एक्स ८.२ (क्ष-किरणांच्या तीव्रतेवरून ठरणाऱ्या सी, एम, एक्स या चढत्या वर्गांतला सर्वात वरचा). डागसमूह तेव्हा सूर्याच्या पश्चिम कडेवर, जवळजवळ कडेआड होता. त्यामुळे रचना बाजूने, उभ्या छेदात दिसली. इतकी मोठी ज्वाला इतक्या सोयीच्या कोनातून क्वचितच मिळते.

वरून खाली यायचं तर असं दिसलं. सगळ्यात वर पिळलेल्या चुंबकीय दोरखंडाचा फुगा, आत पोकळ आणि भोवती चकाकती कड. तो सेकंदाला ३,००० किलोमीटरच्या आसपास वेगाने निघून गेला आणि तोच पुढे सीएमई (चुंबकीय क्षेत्रासह अवकाशात फेकला जाणारा प्लाझ्माचा, म्हणजे प्रभारित वायूचा, लोट) झाला. त्याच्या बुडापासून खाली एक सरळ, अरुंद, प्रखर रेघ. ही उभ्या विद्युतप्रवाह-पत्र्याची जागा, म्हणजे करंट शीट. रेघ जिथे खाली संपते तिथे टोकदार कमानी, देवळाच्या कोनाड्यासारख्या वर निमुळत्या. त्यांच्या आत गोल कमानी, थंड होत चाललेल्या. आणि कमानींचे पाय क्रोमोस्फिअरमध्ये, म्हणजे दृश्य पृष्ठभागालगतच्या वरच्या थरात, रोवलेले. ज्वाला समोरून पाहिली असती तर हे पाय दोन समांतर तेजस्वी पट्ट्यांसारखे दिसले असते.

हे चित्र कागदावर खूप आधी आलं होतं. कारमायकल (१९६४), स्टरॉक (१९६६), हिरायामा (१९७४), कॉप आणि न्यूमन (१९७६) यांच्या आद्याक्षरांवरून त्याला सीएसएचकेपी प्रतिमान म्हणतात. २०१७ च्या ज्वालेत ते जवळजवळ जसंच्या तसं डोळ्यांसमोर उभं राहिलं.

एक गोष्ट आधीच पक्की करू. ऊर्जा पुनर्जोडणीतून, म्हणजे चुंबकीय बलरेषांच्या जोडण्या बदलण्यातून, निर्माण होत नाही. ती करोनातल्या (सूर्याच्या तप्त बाह्य वातावरणातल्या) पिळलेल्या, ताणलेल्या चुंबकीय क्षेत्रात कित्येक तास किंवा दिवस साठत आलेली असते. पुनर्जोडणी फक्त जोडण्या बदलते आणि क्षेत्राला कमी ऊर्जेच्या आकारात जायची वाट मोकळी करते. खरं कोडं आहे ते हे सगळं इतक्या झटपट कसं होतं याचं.

---

सदाफुली

‘बलरेषा तुटतात आणि पुन्हा जोडल्या जातात’ असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण चुंबकीय रेषेला टोक नसतं ना? मग तुटते म्हणजे काय?

---

शून्यबिंदू

बरोबर पकडलंत. टोक कधीच तयार होत नाही, एका क्षणासाठीही नाही. रबर तुटल्याची उपमा इथेच दगा देते.

करोनातला प्लाझ्मा वीज इतकी चांगली वाहतो की क्षेत्र त्यात गोठल्यासारखं राहतं. प्लाझ्माचे दोन कण आज एका रेषेवर असतील तर उद्याही त्याच रेषेवर असतील. हा नियम जोवर पाळला जातो तोवर जोडणी बदलूच शकत नाही. आता विरुद्ध दिशांची दोन क्षेत्रं एकमेकांवर दाबली गेली की मधल्या पातळ थरात क्षेत्राची दिशा अगदी थोड्या अंतरात उलटते. जितक्या कमी अंतरात ती उलटते तितका तिथला विद्युतप्रवाह मोठा. एका मर्यादेनंतर त्या थरात गोठण्याचा नियम ढिला पडतो, प्लाझ्मा आणि क्षेत्र एकमेकांवरून घसरतात. त्या थरातून बाहेर पडल्यावर पाहिलं तर आधी ‘अ’ पायाला ‘आ’शी जोडणारी रेषा आता ‘अ’ला ‘इ’शी जोडते. कोणाशी कोण जोडलं आहे ही यादी बदलली, एवढाच अर्थ.

नव्याने जोडलेल्या रेषा मधोमध तीक्ष्ण कोनात वळलेल्या असतात. ताणलेली रेषा सरळ व्हायला बघते, म्हणून अर्ध्या वर उडतात (दोरखंडाला आणखी वेढे मिळतात) आणि अर्ध्या खाली कोसळून कमानी होतात. बाहेरचे झोत आल्फवेन वेगाच्या, म्हणजे प्लाझ्मातल्या चुंबकीय तरंगांच्या वेगाच्या, जवळपास जातात. गोफणीची उपमा द्यायची तर इथे द्यावी, तुटण्याला नाही.

शून्य क्षेत्राच्या बिंदूंपाशी ज्वाला पेटत असाव्यात ही कल्पना जिओव्हानेल्लीने १९४६ मध्ये मांडली. ‘रीकनेक्शन’ ही संकल्पना पुढे डंजीने रुजवली.

---

अणुरेणू

वेगाचं कोडं आकड्यांत मांडतो. कागद-पेन्सिल घेऊन करून बघण्यासारखं आहे.

करोनातला सक्रिय प्रदेश धरा: लांबी १०,००० किलोमीटर, क्षेत्र १०० गॉस (गॉस हे चुंबकीय क्षेत्राचं एकक), घनमीटरला १० चा १५वा घात इतके प्रोटॉन, तापमान १० लाख केल्व्हिन. आल्फवेन वेग येतो सेकंदाला सुमारे ७,००० किलोमीटर. म्हणजे क्षेत्रातली हालचाल या टोकापासून त्या टोकाला दीड सेकंदात पोचते. उलट, निव्वळ विद्युतरोधामुळे क्षेत्र विरायला लागणारा वेळ येतो तीस लाख वर्षांहून जास्त. दोन्हींचं गुणोत्तर म्हणजे लुंडक्विस्ट संख्या, इथे साधारण ७ गुणिले १० चा १३वा घात.

स्वीट आणि पार्कर यांनी १९५० च्या दशकात पातळ पत्र्याचं गणित केलं. त्यांचा वेळ म्हणजे दीड सेकंद गुणिले लुंडक्विस्ट संख्येचं वर्गमूळ. वर्गमूळ येतं सुमारे ८४ लाख, म्हणजे वेळ साधारण साडेचार महिने. तीस लाख वर्षांवरून साडेचार महिन्यांवर येणं ही मोठीच मजल, पण ज्वालेचा मुख्य भाग काही मिनिटांत उरकतो.

अडचण कुठे आहे ते नीट पाहा. आत आलेला सगळा प्लाझ्मा त्या पत्र्याच्या जाडीतूनच बाहेर पडायचा आहे. लांबी १०,००० किलोमीटर आणि जाडी १०,००० किलोमीटर भागिले ८४ लाख, म्हणजे १.२ मीटर! दार इतकं चिंचोळं की मागे रांग लागते. पेट्शेकने १९६४ मध्ये सुचवलं की विरण्याचा भाग अगदी आखूड असावा आणि बाकीचं काम त्याला टेकलेल्या मंद धक्कातरंगांनी करावं. दार रुंद झालं, वेग ज्वालेला पुरेसा आला. पण एकसारखा विद्युतरोध ठेवून संगणकावर चालवलं की ती रचना टिकत नाही, पत्रा पुन्हा लांबच लांब होतो. पेट्शेक चालवायचा तर मध्यभागी रोध वाढवावा लागतो.

सुटकेच्या दोन वाटा आज मानल्या जातात. पहिली: लुंडक्विस्ट संख्या १० हजारांच्या वर गेली की लांब पत्रा स्वतःच अस्थिर होऊन त्याचे तुकडे पडतात, मधे चुंबकीय बेटं म्हणजे प्लाझ्मॉइड तयार होतात (लुरेरो आणि सहकारी, २००७, भट्टाचार्जी आणि सहकारी, २००९). मग आत येण्याचा वेग आल्फवेन वेगाच्या सुमारे शंभराव्या भागावर स्थिरावतो आणि लुंडक्विस्ट संख्या कितीही वाढली तरी फारसा बदलत नाही. दुसरी: याच घनतेला प्रोटॉनची जडत्व-लांबी सुमारे ७ मीटर येते. म्हणजे १.२ मीटर जाडी होण्याआधीच प्रोटॉन क्षेत्रापासून सुटे होतात, फक्त इलेक्ट्रॉन बांधलेले राहतात. या हॉल परिणामात वेग दहाव्या भागापर्यंत जातो.

दुसरी वाट नुसती कागदावर नाही. नासाच्या एमएमएस मोहिमेच्या चार उपग्रहांनी १६ ऑक्टोबर २०१५ रोजी पृथ्वीच्या चुंबकावरणाच्या दिवसाकडच्या सीमेवर थेट इलेक्ट्रॉन विरण्याच्या भागातून जाऊन मोजमापं घेतली. चौघांतलं अंतर होतं साधारण १० किलोमीटर. सूर्याजवळ असं जाता येत नाही, पण भौतिकी तीच.

---

सदाफुली

मग एक विसंगती वाटते. जाडी काही मीटर, आणि २०१७ च्या चित्रात ती रेघ डोळ्यांना दिसते! नासाच्या एसडीओ या सौर उपग्रहावरच्या एआयए दुर्बिणीचा एक पिक्सेल किती किलोमीटरचा?

---

किरीटरेषा

०.६ विकला, म्हणजे सुमारे ४३५ किलोमीटर. आणि दिसणारी रेघ काही हजार किलोमीटर रुंद. तेव्हा जे दिसतं तो विरण्याचा थर नव्हे, हे नक्की. ते त्या थराभोवतीचं तापलेलं आवरण आहे: बाहेर पडणारा गरम झोत, उष्णतावहनाने तापलेला शेजार, प्लाझ्मॉइडांनी घुसळलेला पट्टा. शिवाय पत्रा आपल्या नजरेच्या रेषेत तंतोतंत उभा नसेल तर तिरका दिसून रुंद भासतो. हिनोदे उपग्रहाच्या वर्णपटमापकात त्या रेघेवर लोहाच्या अतितप्त आयनांच्या (एफई २४) रेषा नुसत्या तापमानाने होतील त्याहून बऱ्याच फुगलेल्या मिळाल्या. आत खळबळ आहे याचा हा सरळ पुरावा.

लेखांमध्ये ‘करंट शीटची जाडी मोजली’ असं वाचलं की मनात ‘प्लाझ्मा शीट’ असं वाचावं. बराच घोळ टळतो.

---

गॉस_आणि_मंडळी

या ज्वालेतलं मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते सूक्ष्मतरंगांचं मोजमाप. कॅलिफोर्नियातल्या ओवेन्स व्हॅलीच्या विस्तारित सौर अ‍ॅरेने ही ज्वाला अनेक वारंवारतांवर एकाच वेळी पाहिली. क्षेत्रात गिरक्या घेणारे वेगवान इलेक्ट्रॉन जे तरंग सोडतात त्यांच्या वर्णपटाच्या आकारावरून करोनातल्या क्षेत्राची ताकद निघते. एरवी करोनाचं क्षेत्र थेट मोजणं फार अवघड. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल: कमानींच्या वरच्या भागात क्षेत्र सेकंदाला सुमारे ५ गॉस या दराने, सुमारे दोन मिनिटं घटत गेलं.

याचा अर्थ फॅराडेच्या नियमाने काढा. सेकंदाला ५ गॉस म्हणजे ०.०००५ टेस्ला. हा बदल ४,००० किलोमीटर रुंदीवर होतोय असं धरलं तर विद्युतक्षेत्र येतं मीटरला २,००० व्होल्ट. क्षेत्र २०० गॉस धरून त्याला भागलं की आत येण्याचा वेग सेकंदाला १०० किलोमीटर. घनता १० चा १६वा घात धरली तर आल्फवेन वेग ४,४०० किलोमीटर, म्हणजे गुणोत्तर ०.०२३. अणुरेणू यांनी सांगितलेल्या ०.०१ ते ०.१ च्या पट्ट्यात नेमकं बसतं. एका ज्वालेच्या निरीक्षणातून आणि तीन ओळींच्या गणितातून पुनर्जोडणीचा दर हाती येतो, ही केवढी गोष्ट आहे!

इथे एक चूक वारंवार होते. मीटरला २,००० व्होल्ट म्हणजे ५० मीटरमध्ये इलेक्ट्रॉनला १०० केईव्ही (एक लाख इलेक्ट्रॉन-व्होल्ट) मिळाले, इलेक्ट्रॉन वेगवान कसे होतात हा प्रश्न सुटला, असं वाटतं. नाही मिळत. हे विद्युतक्षेत्र बहुतांशी चुंबकीय क्षेत्राला आडवं असतं आणि आडव्या क्षेत्रात कण वेग न घेता वाहत जातो. वेग मिळतो तो समांतर घटकामुळे, आकुंचन पावणाऱ्या बेटांमध्ये पुन्हापुन्हा आपटून, आणि कोसळत्या कमानींत सापडून. यातल्या कोणाचा वाटा किती यावर अजून एकमत नाही.

---

शून्यबिंदू

त्याला जोडून इलेक्ट्रॉनांच्या संख्येचा प्रश्न. मोठ्या ज्वालेत पायांशी दिसणारे कठोर (जास्त ऊर्जेचे) क्ष-किरण पुरवायला सेकंदाला १० चा ३६वा घात इतके वेगवान इलेक्ट्रॉन खाली यावे लागतात. १०,००० किलोमीटर बाजूच्या घनात, अणुरेणू यांनी धरलेल्या घनतेला (घनमीटरला १० चा १५वा घात), एकूण इलेक्ट्रॉन किती? तितकेच. म्हणजे अख्खा घन एका सेकंदात रिकामा व्हायला हवा, आणि ज्वाला चालते मिनिटं. उत्तर असं की खाली गेलेल्यांच्या बदल्यात क्रोमोस्फिअरमधून संथ इलेक्ट्रॉन परत वर येतात, परतीचा प्रवाह. तो नसता तर प्रभार साचून झोत जागीच अडला असता.

खाली आदळल्यावर काय होतं तो क्रमही नीट लावून घ्या. इलेक्ट्रॉन क्रोमोस्फिअरच्या दाट थरात थांबतात, कठोर क्ष-किरण तिथेच निघतात. थर इतका तापतो की प्लाझ्मा सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगाने वर उसळून कमानी भरतो. याला ‘बाष्पीभवन’ म्हणतात, उकळण्याशी त्याचा संबंध नाही. भरलेल्या, १ ते २ कोटी केल्व्हिनच्या कमानी मृदू (कमी ऊर्जेच्या) क्ष-किरणांत झळकतात. म्हणून मृदू क्ष-किरणांचा आलेख हा कठोर क्ष-किरणांची बेरीज करत गेल्यासारखा चढतो (न्यूपर्ट परिणाम, १९६८). व्यवहारात याचा अर्थ असा की १६:०६ ही शिखराची वेळ कमानी सर्वाधिक भरल्याची आहे. ऊर्जा जोरात सुटण्याची वेळ त्याआधीची.

कमानीच्या *वर* कठोर क्ष-किरणांचा वेगळा ठिपका असतो, हे जपानच्या योहकोह उपग्रहाने १३ जानेवारी १९९२ च्या ज्वालेत दाखवलं. मसुदा यांचं ते निरीक्षण. पुनर्जोडणी कमानीच्या वर होते हा तोवर तर्क होता, त्यानंतर त्याला जागा मिळाली.

---

वेधशाळा_रोड

माहिती सगळ्यांना फुकट मिळते, तेव्हा ती हाताळताना काय चुकतं तेवढं लिहितो.

एआयएच्या वाहिन्या: तप्त पत्रा आणि टोकदार कमानी पाहायला १३१ आणि १९३ अँगस्ट्रॉम. १९३ एरवी १५ लाख केल्व्हिनचा करोना दाखवते, पण तिच्यात एफई २४ ची रेषाही येते, म्हणून ज्वालेत ती अचानक दोन कोटींच्या आसपासचा माल दाखवू लागते. थंड झालेल्या कमानी १७१ मध्ये, त्याही बऱ्याच उशिरा. १७१ मधल्या सुंदर कमानींची रांग पाहून ‘ही पुनर्जोडणी’ असं म्हणू नका. ती तासाभरापूर्वी होऊन गेलेली असू शकते. पायांचे पट्टे १६०० मध्ये, दर २४ सेकंदांनी. वरच्या तिन्ही वाहिन्या दर १२ सेकंदांनी.

मोठ्या ज्वालेत दुर्बीण आपोआप प्रकाशनकाळ कमी करते, तोही एकाआड एक चित्राला. चित्रफीत बनवली की ती लुकलुकते आणि लोक त्याला सूर्याची स्पंदनं समजतात. प्रत्येक चित्र त्याच्या शीर्षकातल्या प्रकाशनकाळाने भागा, लुकलुक जाते. तेजस्वी गाभ्यातून निघणारे फुलीसारखे फाटे दुर्बिणीच्या जाळीमुळे होणारं विवर्तन आहे, ते झोत नव्हेत. आणि संपृक्त पिक्सेलांत मोजमाप करायचं नाही. लहान प्रकाशनकाळाचं चित्र घ्या.

पट्ट्यांवरून पुनर्जोडणीचं विद्युतक्षेत्र काढायचं असेल तर कडेवरची ज्वाला उपयोगाची नाही. त्याच डागसमूहाची ६ सप्टेंबरची एक्स ९.३ घ्या (शिखर १२:०२ यूटी), ती तबकडीवर होती. पट्टा सरकण्याचा वेग गुणिले त्याखालचं उभं क्षेत्र: सेकंदाला २० किलोमीटर आणि ५०० गॉस असतील तर मीटरला १,००० व्होल्ट. क्षेत्राचा नकाशा मात्र ज्वालेच्या *आधीचा* घ्यायचा. ज्वालेदरम्यान वर्णरेषेचा आकारच बिघडतो आणि एसडीओवरच्याच एचएमआय या चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या उपकरणाच्या नकाशात काही ठिपक्यांची ध्रुवता खोटी उलटलेली दिसते.

---

सदाफुली

प्रत्येक एक्स वर्गाच्या ज्वालेबरोबर सीएमई येतोच का? बातम्यांमध्ये ज्वाला झाली की लगेच ‘पृथ्वीकडे वादळ’ येतं.

---

किरीटरेषा

नाही. ऑक्टोबर २०१४ चा एआर १२१९२ हे ठळक उदाहरण. सौरचक्र २४ मधला सगळ्यात मोठा डागसमूह, सहा एक्स ज्वाला दिल्या, २४ ऑक्टोबरची एक्स ३.१ धरून, आणि तिच्यासोबत सीएमई नाही. आत पुनर्जोडणी झाली, पण वरचं छताचं क्षेत्र इतकं जबर की दोरखंड सुटलाच नाही. छताची ताकद उंचीनुसार किती झपाट्याने घटते त्यावर ठरतं. घटीचा घातांक साधारण १.५ च्या वर गेला की दोरखंड थांबत नाही. एआर १२६७३ मध्ये उलट परिस्थिती होती, त्यात ध्रुवता पालटण्याच्या रेषेवर ५,५०० गॉसच्या वरचं क्षेत्र मोजलं गेलं.

ज्वाला आणि त्यानंतरचं वादळ यांची जोडी सर्वप्रथम जिथे नोंदली गेली त्या घटनेत मुंबईही आहे. १ सप्टेंबर १८५९ ला कॅरिंग्टन आणि हॉजसन यांनी इंग्लंडमधून पांढऱ्या प्रकाशात ज्वाला पाहिली. सुमारे साडेसतरा तासांनी वादळ पृथ्वीवर आलं, आणि कुलाबा वेधशाळेत आडव्या क्षेत्रात सुमारे १,६०० नॅनोटेस्लाची घट नोंदली गेली. त्या वादळाच्या ताकदीचा अंदाज आजही मुख्यतः कुलाब्याच्या नोंदींवर उभा आहे. प्रकाश आठ मिनिटांत आला, वादळ सीएमईबरोबर. (विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ मध्ये चुंबकीय मोजमापं अलिबागला हलवली, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.)

---

अणुरेणू

वर्गांबद्दल एक दुरुस्ती राहिली. ज्वालांचा वर्ग ज्यांच्या मोजमापांवरून ठरतो त्या जुन्या अमेरिकी गोज उपग्रहांच्या लांब तरंगाच्या वाहिनीचे (०.१ ते ०.८ नॅनोमीटर) आकडे ०.७ ने गुणून दिले जात, आधीच्या मालिकेशी जुळावेत म्हणून. गोज-१६ पासून खरे आकडे येतात. म्हणून २०१७ ची एक्स ८.२ आजच्या मापाने एक्स ११.७ भरते. तिची तुलना ३ ऑक्टोबर २०२४ च्या एक्स ९.० शी करताना हे विसरलं की क्रम उलटा लागतो. एम आणि सी वर्गांनाही हाच नियम.

---

वेधशाळा_रोड

हो, आणि विषुवदिनांच्या आसपास गोज रोज काही काळ पृथ्वीच्या सावलीत जातो, जास्तीत जास्त सत्तरेक मिनिटं. आलेख तेवढा वेळ तळाला टेकतो. ती सूर्याची शांतता नव्हे. अशा वेळी आदित्य-एल१ च्या सोलेक्स या क्ष-किरणमापकाचे आकडे पाहावेत, एल१ बिंदूवरून सूर्य अखंड दिसतो. पुण्याच्या आयुकाने उभारलेली सूट दुर्बीण त्याच यानावर आहे, २०० ते ४०० नॅनोमीटर, ११ फिल्टर. २२ फेब्रुवारी २०२४ ची एक्स ६.३ ज्वाला तिने टिपली आहे. पायांचे पट्टे निकट अतिनील प्रकाशात कसे पेटतात ते पाहायचं तर तिथून सुरुवात करा.